पॉझिटिव्ह आलं, पण कशाचं?

पत्र

डॉक्टर, आम्ही ऐरोलीला राहतो. माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. गेले चार महिने तिचं पोट दुखतंय. बहुतेक वेळा सकाळी, शाळेची व्हॅन यायच्या आधी, नाहीतर संध्याकाळी क्लासहून आल्यावर. कुठे दुखतं विचारलं की बेंबीवर हात ठेवते. उलटी नाही, ताप नाही, रात्री शांत झोपते. शी दोन-तीन दिवसांनी होते, पण ते लहानपणापासूनच आहे. मधूनमधून पाय दुखतात म्हणते, तेव्हा घरात असलेलं तापाचं सिरप देते. जवळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं औषध दिलं, ते दोन महिने चालू आहे. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. सोसायटीत एका लॅबचं शिबिर होतं, तिथे पोटाचं पॅकेज म्हणून रक्त तपासून घेतलं. त्यात एच. पायलोरी आयजीजी पॉझिटिव्ह आणि पेप्सिनोजेन १ कमी, असं लाल अक्षरांत आलंय. सीआरपी मात्र नॉर्मल आहे. तिचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, सहा वर्षांपूर्वी जठराच्या कॅन्सरने गेले. त्यामुळे रिपोर्ट आल्यापासून घरात कुणाला झोप नाही. नणंद म्हणते, एच. पायलोरीवरच्या औषधांचं चौदा दिवसांचं किट लगेच सुरू कर, मी घेतलं होतं. सासूबाई म्हणतात बेंबी सरकलीय, आणि थोडं नाटकही आहे. एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघू म्हटलं. एवढ्याशा पोरीच्या घशातून नळी घालायची, या विचारानेच माझे हातपाय गळतात. रक्तात सूज कळलीच आहे, तर दुर्बीण कशाला? तिचं वजन २३ किलो आहे. पूर्ण रिपोर्ट सोबत जोडला आहे.
— एक आई, ऐरोली

उत्तर

ताई,

किट घरात आणून ठेवलं असेल तर त्याचं पाकीट फोडू नका. बाकी सगळं सविस्तर लिहिते, पण हे आधी.

तुमचा रिपोर्ट मी दोनदा वाचला. पहिल्या पानावरच्या दोन लाल ओळींनी तुमच्या घराची झोप उडवली. मी मात्र तिसऱ्या पानावर थांबले. तिथे एक आकडा आहे, त्याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षरही नाही. त्याच्याकडे येतेच. आधी त्या लाल ओळी.

एच. पायलोरी हा जठराच्या अस्तरात राहणारा जंतू. तो बहुधा लहानपणीच आणि बऱ्याचदा घरातल्याच माणसांकडून पोटात जातो, आणि औषधाने घालवला नाही तर वर्षानुवर्षं तिथेच राहतो. जगातल्या निम्म्याच्या आसपास लोकांच्या पोटात तो असतो असं मानतात. आपल्याकडे तर तो फारच सर्रास सापडतो. यातल्या बहुतेकांना तो आहे हे कधी कळतही नाही. आयजीजी म्हणजे या जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी. त्या सापडल्या याचा अर्थ एवढाच, की तुमच्या लेकीच्या शरीराची आणि या जंतूची कधीतरी गाठ पडली आहे. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे रजिस्टर असतं ना, त्यात पाहुण्याची आत येतानाची सही असते. तो अजून घरात बसलाय की केव्हाच निघून गेला, आणि बसला असेल तर त्याने घरात काही मोडतोड केली का, हे ती सही सांगत नाही. जंतू गेल्यावरही या अँटीबॉडी कित्येक महिने, कधी काही वर्षं रक्तात राहतात.

पावसाळ्यात ताप आला की विडाल टेस्ट केली जाते आणि ‘टायफॉइड निघाला’ म्हणून मुलं अँटिबायोटिकवर जातात, हे तुम्ही आजूबाजूला पाहिलं असेल. तिथेही हाच घोळ असतो. अँटीबॉडी जुनी की नवी, याच तापाची की मागच्या वर्षीच्या लसीची, हे एका आकड्यावरून ठरत नाही. नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात दर जून ते सप्टेंबर विडालचे कागद घेऊन पालक येतात आणि मी दरवेळी तेच समजावते. एच. पायलोरीची रक्ततपासणी ही पोटदुखीची विडाल आहे.

मुलांच्या बाबतीत तर ती आणखीच लंगडी पडते. ‘इतक्याच्या वर म्हणजे पॉझिटिव्ह’ ही रेघ बहुधा मोठ्या माणसांच्या रक्तावरून ओढलेली असते. लहान मुलांमध्ये, त्यातही अगदी लहान वयात, अँटीबॉडी कमी बनतात. म्हणजे जंतू असूनही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, आणि जंतू निघून गेला तरी पॉझिटिव्ह राहू शकते. म्हणूनच युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपचनरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय, की मुलांमध्ये रक्त, लघवी किंवा लाळेतल्या अँटीबॉडीवरून या जंतूचं निदान करू नये. २०१७ साली छापलेल्या सूचनांमध्ये हे होतं आणि २०२४ मध्ये आलेल्या सुधारित सूचनांमध्येही कायम आहे. मग ही तपासणी असतेच कशाला? एखाद्या गावात, एखाद्या पिढीत हा जंतू किती पसरलाय हे मोजायला ती स्वस्त आणि सोपी आहे. हजार माणसांचा अंदाज बांधायला ती उपयोगी पडते. एका मुलीचं पोट का दुखतं, हे शोधायला नाही.

आता पेप्सिनोजेन. जठराच्या अस्तरातल्या ग्रंथी प्रथिनं पचवणारा एक पाचकरस बनवतात, त्याचं हे कच्चं रूप. बहुतेक सगळं जठरातच उतरतं, थोडंसं रक्तात झिरपतं. यातला १ क्रमांकाचा प्रकार मुख्यतः जठराच्या वरच्या आणि मधल्या भागात बनतो, २ क्रमांकाचा सगळ्या जठरात. अस्तराला सूज असेल तर दोन्ही रक्तात जास्त येतात. सूज वर्षानुवर्षं राहून ग्रंथीच झिजल्या, वाळल्या, तर १ क्रमांकाचं प्रमाण घसरतं. जपानमध्ये जठराच्या कॅन्सरचा धोका कुणाला जास्त हे मध्यमवयीन माणसांमध्ये चाळून काढायला ही तपासणी वापरली गेली. तिथला रूढ निकष असा: पेप्सिनोजेन १ हे ७० किंवा त्याहून कमी, आणि त्याच वेळी १ आणि २ यांचं गुणोत्तर ३ किंवा त्याहून कमी. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात.

तुमच्या रिपोर्टमध्ये पेप्सिनोजेन १ आहे ६२ आणि २ आहे १४. भागाकार करा: ४.४. म्हणजे मोठ्या माणसांच्या त्या निकषानेसुद्धा ही तपासणी पॉझिटिव्ह नाही! लॅबच्या संगणकाने ६२ हा आकडा ७० पेक्षा कमी दिसला म्हणून लाल केला, एवढंच. शिवाय ग्रंथी झिजायला लागतो तो काळ नऊ वर्षांच्या पोरीच्या आयुष्यात अजून मावतच नाही. मुलांमध्ये तशी झीज क्वचितच सापडते. एच. पायलोरी असलेल्या मुलांच्या गटात पेप्सिनोजेन सरासरीने थोडं वेगळं दिसतं हे खरं, पण जंतू असलेल्या आणि नसलेल्या मुलांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एकट्या मुलाच्या आकड्यावरून काही बोलता येत नाही.

‘रक्तात सूज कळलीच आहे’ असं तुम्ही लिहिलंय, तिथे मला तुम्हाला थांबवायचंय. सूज म्हटलं की आपल्याला मुरगळलेला, टम्म फुगलेला पाय आठवतो. जठराची सूज तशी नसते. अस्तरामध्ये पांढऱ्या पेशी जमा झालेल्या असतात, आणि त्या दिसतात फक्त सूक्ष्मदर्शकाखाली, अस्तराचा कणभर तुकडा काढून पाहिला की. ‘गॅस्ट्रायटिस’ हा शब्द मुळात त्या तुकड्यावरून लिहायचा शब्द आहे. रोजच्या बोलण्यात मात्र जळजळ, ढेकर, पोटदुखी, सगळ्यालाच गॅस्ट्रायटिस म्हणायची सवय पडली आहे, आम्हा डॉक्टरांनाही. हे मला मनापासून खटकतं, कारण नाव दिलं की शोध थांबतो.

या जंतूचा शोध लावणारे ऑस्ट्रेलियातले बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनीही पुरावा तुकड्यांतूनच मिळवला. १९८२ मध्ये पर्थमध्ये त्यांनी रुग्णांच्या जठराच्या तुकड्यांतून हा जंतू वाढवून दाखवला. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतः जंतूंचं पाणी प्यायले. काही दिवसांत त्यांना त्रास सुरू झाला, दुर्बीण घातली गेली, आणि अस्तराच्या तुकड्यात सूजही दिसली, जंतूही. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

सीआरपी, म्हणजे शरीरात कुठे मोठी सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन, नॉर्मल कसं, असाही प्रश्न तुमच्या मनात आहे. जठराच्या पातळ अस्तरातल्या सुजेने सीआरपी सहसा वाढतच नाही, त्यामुळे तो नॉर्मल असणं जठराबद्दल काहीच सांगत नाही. तरीही तो नॉर्मल आला हे चांगलंच झालं. आतड्यांचा क्रोन्स नावाचा आजार किंवा पोटातला टीबी असता, तर सीआरपी किंवा ईएसआर (सुजेचीच आणखी एक रक्ततपासणी) बऱ्याचदा वाढलेला असतो, आणि सोबत ताप, वजन घटणं असं काहीतरी असतं. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात पोटाच्या टीबीचा विचार कुठल्याही बालरोगतज्ज्ञाच्या मनात असतोच, म्हणून हे सांगितलं.

आता आजोबांबद्दल. घरातली भीती खरी आहे, पण ती चुकीच्या माणसावर येऊन बसली आहे. एच. पायलोरीपासून कॅन्सरपर्यंतची वाट फार लांबची असते: आधी सूज, मग ग्रंथींची झीज, मग अस्तराचं रूप बदलणं, आणि हे सगळं दशकांच्या हिशेबाने. बहुतेक माणसं त्या वाटेवर शेवटपर्यंत जातच नाहीत. चौथीतल्या मुलीच्या आजच्या पोटदुखीशी या भीतीचा संबंध नाही. आजोबांचं सख्खं नातं आहे ते तिच्या बाबांशी. जठराचा कॅन्सर झालेल्या माणसाच्या मुलांनी आणि भावंडांनी मोठेपणी या जंतूची तपासणी करून घ्यावी आणि असेल तर उपचार घ्यावेत, असं मोठ्यांच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय. तेव्हा घाई करायचीच असेल तर तिच्या बाबांची करा. त्यांनी पोटविकारतज्ज्ञांना भेटून श्वासाची किंवा शीमधल्या अँटीजनची, म्हणजे जंतूच्याच अंशाची, तपासणी करून घ्यावी, रक्ताची नको. नणंदबाईंनी तपासणीत जंतू सापडल्यावर किट घेतलं असेल, तर ते त्यांच्या बाबतीत योग्यच होतं, त्या आजोबांच्या सख्ख्या मुलगी आहेत. त्यांना फक्त विचारा, औषध संपल्यावर चार आठवड्यांनी जंतू गेला का हे तपासलं होतं का? बरेच लोक ती पायरी गाळतात.

तिसऱ्या पानावर या. हिमोग्लोबिन १०.६. त्याखाली एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, ७०, तोही कमीच. आणि पॅकेजमध्ये होतं म्हणून केलेलं फेरिटिन ८. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने ५ ते ११ वर्षांच्या मुलांचं हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया, आणि फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपलेला. तुमच्या लेकीच्या रक्ताने जर काही ठामपणे सांगितलं असेल तर ते हे: तिच्या अंगात लोह नाही. पाय दुखणं, दमणं, भूक नसणं, यातलं बरंच त्याच्या माथी जाऊ शकतं. आणि यावर खात्रीचा उपाय आहे.

लोह का कमी झालं? आपल्याकडे पहिलं कारण जेवण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांना ॲनिमिया आढळला होता. तिथून ही मुलं तशीच शाळेत जातात. त्यात दोन महिने ॲसिड कमी करणारं औषध चालू आहे. जेवणातलं लोह शोषून घ्यायला जठरातलं ॲसिड लागतं, म्हणजे त्या औषधाने पोटदुखी तर थांबवली नाहीच, लोहाचा रस्ता मात्र थोडा अडवला. तिच्या डॉक्टरांशी बोलून ते बंद करता येईल का ते बघा. जंतही एक कारण. शाळेत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी देतात ती तिने घेतली होती की बाकाखाली टाकली, हे तिलाच विचारा. न रागावता विचारलंत तर सांगेल. आणि एक तपासणी मी रक्तातूनच करायला सांगेन, कारण इथे रक्त खरंच उपयोगी पडतं: टीटीजी आयजीए आणि सोबत एकूण आयजीए. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या सीलिॲक आजारासाठी ही तपासणी आहे. पोटदुखी आणि लोहाची कमतरता एकत्र असली की ती करावीच. रक्त देईपर्यंत पोळी बंद करू नका, नाहीतर निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणजे पाहा, रक्ततपासणी वाईट असं मी म्हणत नाही. योग्य प्रश्न विचारला तर रक्त चांगलं उत्तर देतं. जठराला सूज आहे का, हा प्रश्न रक्ताला विचारायचा नाही, एवढंच.

लोहाचं औषध डॉक्टर वजनाच्या हिशेबाने ठरवतील. ते दुधाबरोबर किंवा चहाबरोबर देऊ नका. वर लिंबूपाणी दिलं तर उत्तम. सिरप असेल तर स्ट्रॉने द्या आणि नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर दात काळे दिसतात. शी काळपट हिरवी होईल, घाबरू नका. डांबरासारखी चिकट, उग्र वासाची काळी शी वेगळी असते, तशी दिसली तर थेट दवाखाना गाठा. अळिवाचे लाडू, खजूर, मोड आलेली कडधान्यं, माठ, आणि घरात चालत असेल तर मटण-मासळी, हे सगळं द्या. पण साठा इतका रिकामा झालाय की नुसत्या जेवणाने तो भरणार नाही. औषध नीट लागू पडलं तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एका अंकाने वर सरकतं. ते भरल्यावरही साठ्यासाठी औषध दोन-तीन महिने चालू ठेवतात.

आता प्रत्यक्ष पोटदुखी. इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली यांनी १९५८ मध्ये हजार शाळकरी मुलांची पाहणी छापली. दहातल्या एकाला वरचेवर पोट दुखण्याचा त्रास होता, आणि त्यातल्या फार थोड्यांच्या पोटात दाखवण्यासारखा आजार सापडला. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका आजाराचा संशय जास्त, हा त्यांचा आडाखा आम्ही आजही विद्यार्थ्यांना शिकवतो. तुमची लेक हात बेंबीवर ठेवते, रात्री दुखण्याने उठत नाही, उलट्या नाहीत. हे सगळं दिलासा देणारं आहे.

पण सासूबाईंना माझा निरोप द्या: हे नाटक नाही. आतड्यांच्या नसा काही मुलांमध्ये जास्त हळव्या असतात. नेहमीची हालचाल, थोडा गॅस, थोडी काळजी, एवढ्यानेही त्यांना खरोखरच्या कळा येतात. तपासणीत काही सापडलं नाही म्हणून कळ खोटी ठरत नाही. बेंबी सरकत नसते, तेव्हा ती चोळून, ओढून जागेवर बसवू नका. सासूबाईंना काही करायचंच असेल तर कोमट तेलाचा हात पोटावर हलकेच फिरवू द्या, आजीचा हात लागला की मुलं निवतात.

आणि तुम्ही जे ‘लहानपणापासूनच आहे’ म्हणून एका वाक्यात उडवून लावलंत, ते मी अधोरेखित करून ठेवलंय. दोन-तीन दिवसांनी शी होणं म्हणजे बहुधा बद्धकोष्ठ. माझ्याकडे बेंबीभोवतीचं दुखणं घेऊन येणाऱ्या मुलांमध्ये हे कारण मला सगळ्यात जास्त वेळा सापडतं. व्हॅन साडेसहाला, त्याआधी दूध-बिस्किट उभ्याउभ्या, शी आली तरी वेळ नाही. शाळेतलं टॉयलेट घाण म्हणून दिवसभर दाबून धरायचं, पाण्याची बाटली भरलेली परत आणायची. हे चित्र ऐरोलीचं आहे, घोडबंदर रोडचं आहे, खारघरचंही आहे. संध्याकाळी दूध किंवा खाणं झालं की दहा मिनिटं तिला टॉयलेटला बसवा, पाय टेकतील असं स्टूल खाली ठेवा, हातात मोबाइल नको. डॉक्टरांना शी मऊ करणारं औषध मागा आणि ते चार दिवसांत बंद करू नका, काही आठवडे लागतात. लोहाच्या औषधाने काही मुलांना बद्धकोष्ठ वाढतं, म्हणून या दोन्ही गोष्टी एकदमच सुरू व्हायला हव्यात.

ते तापाचं सिरप कुठलं आहे, बाटली बघा. आपल्याकडे आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली सिरपं घरोघरी असतात. आयबुप्रोफेन रिकाम्या पोटी, वरचेवर दिलं तर जठराच्या अस्तराला खरोखर इजा होऊ शकते. पाय दुखले म्हणून ते देणं आजपासून थांबवा.

मग दुर्बीण कधी? तुमच्या मुलीला आज लगेच नको असं पत्र आणि रिपोर्ट वाचून माझं मत आहे, पण ते तिला तपासणाऱ्या बालरोगतज्ज्ञांनी पक्कं करायचं. २३ किलो हा एकटा आकडा मला फार काही सांगत नाही. गेल्या वर्षी किती होतं? या वयात मुली वर्षाला साधारण दोन-तीन किलो आणि पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. शाळेच्या आरोग्य तपासणीचं कार्ड, लसीकरणाची जुनी फाइल, जिथे वजन-उंची लिहिलेली असेल ते सगळं काढा. वाढ थांबलेली दिसली, वजन घटलं, दुखण्याने रात्री जाग येऊ लागली, वारंवार उलट्या झाल्या, उलटीत रक्त किंवा हिरवं पित्त आलं, गिळताना अडकू लागलं, सारखा ताप येऊ लागला, शीवाटे रक्त गेलं, तर थांबायचं नाही. यात हिरवी उलटी, रक्ताची उलटी किंवा डांबरी शी असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. टीटीजी पॉझिटिव्ह आली तर पुढचं पाऊल बालपचनरोगतज्ज्ञ ठरवतील. आणि तिच्या बाबतीत एक खास अट: लोह नीट देऊनही, बद्धकोष्ठ मिटूनही, तीन महिन्यांत हिमोग्लोबिन वर आलंच नाही, तर दुर्बिणीला माझा पूर्ण पाठिंबा. उपचारांना दाद न देणाऱ्या लोहाच्या कमतरतेमागे कधीकधी हाच जंतू असतो, आणि तेव्हा त्याचा नीट शोध घ्यायचा असतो.

ती वेळ आलीच तर भीती जरा कमी व्हावी म्हणून सांगते. मुलांची दुर्बीण भूल देऊन किंवा झोपेचं औषध देऊन करतात, तिला काही जाणवत नाही. आतलं काम बहुधा पाव तासात उरकतं. तुकडे काढताना दुखत नाही, जठराच्या अस्तराला टोचल्याची वेदना कळत नाही. जाण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: जठर वरून चांगलं दिसलं तरी तुकडे घेणार ना? कारण नुसत्या लालीवरून गॅस्ट्रायटिस लिहिलेल्या रिपोर्टला अर्थ नाही, आणि वरून छान दिसणाऱ्या अस्तरातही सूज असू शकते. मुलांमध्ये हा जंतू असला की जठराचा खालचा भाग बऱ्याचदा दाणेदार दिसतो, पण पक्कं निदान तुकड्यावरच होतं. ॲसिडचं औषध किमान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद असावं लागतं, नाहीतर जंतू लपून बसतो. तुम्ही किट सुरू करू नका म्हणण्याचं हेही एक कारण. दुसरं असं, की त्यातल्या क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला हा जंतू आपल्याकडे बऱ्याचदा दाद देत नाही, आणि पहिला उपचार फसला की पुढचे जास्त अवघड होत जातात. त्यामुळे तो द्यायची वेळ आली तर नेम धरूनच द्यायला हवा.

तुम्ही म्हणाल, मग शीची अँटीजन तपासणी तरी आत्ता करून टाकू? नको. ती पॉझिटिव्ह आली तरी पोट त्याच्यामुळे दुखतंय हे सिद्ध होत नाही, आणि तुम्ही पुन्हा त्या किटसमोर येऊन उभ्या राहाल. मुलांमध्ये तिचा खरा उपयोग उपचारानंतर जंतू गेला का हे बघायला. श्वासाच्या तपासणीचंही तेच.

खासगीत खर्च झेपणार नसेल तर संकोच करू नका. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात बालरोग विभाग आहे, परळचं वाडिया तर खास मुलांचंच रुग्णालय आहे. रिपोर्ट, सगळ्या औषधांच्या बाटल्या आणि दोन आठवड्यांची एक वही बरोबर न्या. वहीत रोज चार गोष्टी: दुखलं का आणि किती वाजता, शी झाली का आणि कशी, काय खाल्लं, शाळा बुडली का. वही लेकीलाच लिहायला द्या, चौथीतली मुलगी आहे, नीट लिहील. आणि तिच्यासमोर कॅन्सर हा शब्द काढू नका. आजोबा कशाने गेले हे तिला माहीत असेल तर तिच्या पोटात तेच आहे का, ही शंका तिच्या मनात येऊन गेलेली असू शकते. तसं नाही, हे तिला एकदा जवळ घेऊन सांगा.

लोह सुरू केल्यावर चार आठवड्यांनी फक्त हिमोग्लोबिन पुन्हा बघा, सगळं पॅकेज नको. तो आकडा मला कळवा.